कातडी लाल होईपर्यंत

सुपडू झोपे, वय एकोणऐंशी, राहणार भुसावळ.
उजव्या कानामागे रुपयाएवढी जखम,
दोन वर्षं झाली, भरत नाही.
कडा मोत्यासारखी चकाकते, मध्ये खळगा.
जुने डॉक्टर हिला उंदराचं नाव देत:
कापसाच्या गासडीला रात्रीतून भोक पडावं, तशी.

जळगावच्या या तळघरात मी शिसं कापते.
जखमेच्या आकाराचं भोक, भोवती अर्धं बोट जास्त.
रावेरकडे केळीच्या बागेला
वारं अडवायला कडेनं शेवरी लावतात ना,
तसं हे. उरलेल्या चेहऱ्याला झळ नको.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला,
"माय, मी या उजेडातून एकडाव गेलेलो हाये."

रुळांपलीकडचा दवाखाना, त्रेपन्न साल.
गँगमनांच्या चाळीतली सतरा पोरं, डोक्यात नायटा,
एकेक करून स्टुलावर.
आणि लोबो नावाचा एक्स-रेवाला.
यंत्र दमात आहे का, हे बघायला
तो रोज सकाळी आधी स्वतःचा हात धरायचा.
पोरं हलतात, म्हणून डोकीही तोच धरायचा.
"बोटं कशी, तुरीच्या वाळल्या शेंगा. नखं काळी.
पन धरायचा असं, जसं अंडं धरतात."

तिसऱ्या आठवड्यात सगळे केस उशीवर.
आई रडली.
दिवाळीपर्यंत पुन्हा उगवले, पहिल्यापेक्षा दाट,
आणि नायटा गेला तो गेलाच.

आज माझ्याकडे आकडे आहेत, दशांशापर्यंत.
तेव्हा काय होतं?
कातडी लाल झाली की पुरे, हेच माप.
सोनाराकडे गुंज असते,
यांच्याकडे माणूसच काटा आणि माणूसच माल.
जर्मनीत किरण सापडला,
चारेक वर्षांत स्वीडनमधल्या कुणा बाईच्या
नाकावरची असलीच जखम भरली,
म्हणतात, शंभरेक बैठका लागल्या.
मग काय, जग हरखलं.
चामखीळ, नको असलेली लव, पोरांचे नायटे,
दिसेल त्यावर तोच उजेड.
रेडियमच्या सुया आल्या. मग कोबाल्ट,
तो आमच्याकडेही होता, मी लागले तेव्हा म्हातारा,
दर वर्षी तेवढ्याच डोसाला
थोडी जास्त मिनिटं मागणारा.

आणि त्या पोरांच्या डोक्यांवर
चाळीस, पन्नास, सत्तर वर्षांनी
कुठे कुठे अशी जखम उगवते,
हे मला परीक्षेत दोन मार्कांना आलं होतं.

तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी सांगितलं.
की असू शकतं, काका. नक्की नाही, पण असू शकतं.
तो शिशाच्या भोकातून बोट फिरवत राहिला.
"म्हंजे ज्यानं दिलं, तोच न्यायले आला."
मग बराच वेळानं,
"आन् लोबोसायबाचं काय झालं असीन?"

मला कुठून माहीत असणार.
त्यालाच माहीत होतं.
"मी सोळा-सतराचा. टेशनावर तिकिटाच्या खिडकीशी
डाव्या हातानं चिल्लर मोजत होता.
उजवी बाही पिनेनं टाचलेली.
मांगं रांग खोळंबली, लोकं कटकट करत होते.
मी वळखलं त्याले.
हाक नही मारली."

सोळावी बैठक. कानामागे लाली आली,
मी कागदावर लिहिते: पहिला दर्जा, अपेक्षित.
त्याला आरसा हवा.
"झाली का लाल?"
झाली.
"म्हंजे पुरे?"
नाही काका, अजून चार आहेत.

आता डोकं कुणी धरत नाही.
जाड दार ओढून घेऊन मी बाहेर येते,
पडद्यावर बघते.
आत तो एकटा, मान डावीकडे,
हलत नाही,
डोळेही मिटलेले घट्ट,
आत्ताच कुणीतरी कानाशी सांगितल्यासारखा:
थोडं राहिलं, बाळ, हलू नको.